मामंजी बाहेर गेल्यावर

संयोगिता सिस्टर वॉर्डात आली की बायका आधी पोटावरचे टाके धरत आणि मगच तिच्याकडे बघत. ही बया कधी काय बोलेल आणि कुणाला हसवेल याचा नेम नसे. बेडपॅनला ती सिंहासन म्हणायची. सकाळच्या बेचव गंजीची, म्हणजे तांदळाच्या पेजेची, वाटी पुढं करताना, राजवाड्यातून आत्ताच आली आहे, गार होण्याआधी घ्या, असं सांगायची. इंजेक्शन देताना म्हणायची, "मला सुईची फार भीती वाटते हो, तुम्ही स्वल्प माझा हात धरा." समोरची बाई तिचा हात धरायच्या गडबडीत असतानाच सुई टोचून झालेली असायची. मेट्रनबाईंना हे अजिबात पसंत नव्हतं. नर्सनं गंभीर असावं असं त्यांचं मत होतं. त्या स्वतः तर इतक्या गंभीर होत्या की नवा रुग्ण त्यांना बघून आपलं काही खरं नाही असंच धरून चालायचा.

पण संयोगिताचं हसवणं हा चाळा नव्हता. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस दुखतं म्हणून श्वास अर्धाच घेतो, खोकला आला तर गिळतो, मग छातीत कफ साठतो आणि ताप चढतो. "खोका, खोका" म्हणून डॉक्टरांनी कितीही डोकं फोडलं तरी तो खोकत नाही. त्याला पोटभर हसवलं, तर हसण्याच्या पाठोपाठ खोकला आपोआप येतो. हे तिला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं, बारा वर्षांच्या नोकरीत डोळ्यांनी दिसलं होतं. म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ती रुग्णाच्या हातात एक उशी द्यायची, ती टाक्यांवर घट्ट धरायला लावायची आणि मग एखादा किस्सा काढायची. तिच्या लेखी ते औषधच होतं, फक्त केसपेपरवर लिहायची सोय नव्हती.

१९९३ सालच्या फेब्रुवारीत हे औषध पहिल्यांदा लागू पडेनासं झालं.

सात नंबरच्या खाटेवर सोयराबाई होत्या. चोपन्न वर्षांच्या, चामराजपेटेतल्या जुन्या मराठा घरातल्या. पित्ताशयातले खडे काढले होते आणि उजव्या बरगडीखाली वीतभर टाके होते. नवरा मधुकर होसकोट्याच्या कारखान्यात पाळीवर असायचा, त्यामुळं तो संध्याकाळी जेमतेम तासभर यायचा. दिवसभर खाटेजवळ बसायचे ते त्यांचे सासरे, भगवंतराव. वय वर्षं ब्याऐंशी, पोस्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, हातात छत्री. सकाळी दहाला बसनं यायचे आणि संध्याकाळी लेक आला की उठायचे.

खरं तर बायकांच्या वॉर्डात पुरुषाला असं दिवसभर बसू देत नसत. पण पहिल्याच दिवशी ते फाटकाशी उन्हात उभे राहिलेले संयोगितानं पाहिले आणि तिला भरून आलं. सुनेसाठी ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा बस बदलून येतो, हे तिनं आजवर बघितलं नव्हतं. तिनं मेट्रनबाईंशी हुज्जत घातली, खास पास मिळवला, खुर्ची आणून खाटेशी ठेवली, इतर बायकांना अवघडायला नको म्हणून पडदाही लावून दिला. आणि दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटली, "सासरा असावा तर असा!" ती स्वतः चामराजपेटेतल्या तसल्याच घरात वाढली होती. तिला कळायला हवं होतं. पण माणसाला एकदा भरून आलं की डोकं चालत नाही, त्याला ती तरी काय करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी सोयराबाईंना एकशे दोन ताप होता. डॉक्टर हयवदन यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, "खोका अम्मा" म्हणून तीनदा सांगितलं. सोयराबाईंनी तीनदा मान हलवली आणि घसा देखील साफ केला नाही. डॉक्टर संयोगिताला बाजूला घेऊन कन्नडमध्ये म्हणाले, "उजवीकडं खाली हवा जातच नाही. उद्या सकाळी पुन्हा एक्सरे काढू. सुधारणा नसेल तर मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं आणि श्वासनळीत नळी घालायची. त्यातून प्रत्येक जण बाहेर येतोच असं नाही, तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. मागच्याच पावसाळ्यात अशी एक बाई गेली होती, तीही ऑपरेशन उत्तम झालेली.

तिनं सोयराबाईंना उठवून बसवलं, उशी टाक्यांवर धरायला दिली आणि आपला हुकमी किस्सा काढला. "अक्का, गेल्या वर्षी शेजारच्या वॉर्डात एक ऑटोवाला होता बघा. हर्नियाचा. ऑपरेशनच्या दिवशी मी त्याला म्हटलं, चला, थिएटरला जायचं. तो पडल्या पडल्या म्हणतो, 'आ कडे बरल्ला, सिस्टर.' त्या बाजूला येत नाही म्हणे! मी म्हटलं, अहो, शेवटी जायलाच हवं. तर म्हणतो, 'सरी, पण येताना रिकामं यावं लागतं, मीटरवर दीडपट द्या!'"

ऑटोवाल्यांनी छळलेलं गाव ते. अख्खा वॉर्ड हसला. चार नंबरची बाई तर "अय्यो, टाके गं माझे" म्हणून कळवळत हसली. सोयराबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी फक्त पदर कपाळावर ओढून घेतला आणि नजर खाली केली. पडद्याच्या आत खुर्चीवर बसलेले भगवंतराव छत्रीची मूठ दाबत म्हणाले, "सिस्टर, माणूस तापानं फणफणलाय. असला पोरकटपणा बरा दिसत नाही."

संयोगिताला ते लागलं. मेट्रनबाई बारा वर्षं हेच सांगत होत्या आणि तिनं कधी कानावर घेतलं नव्हतं, पण ज्याच्यासाठी आपण पास आणला त्या माणसानं म्हणावं! तिनं मग हसवणं सोडून दिलं. वाफ दिली, पाठ थोपटली, हातमोजा फुगवायला दिला. तो तिथला जुना उपाय. धुऊन पावडर लावून ठेवलेल्या रबरी हातमोज्यात फुंकायचं, म्हणजे छातीत हवा भरते. सोयराबाईंनी मोजा ओठांशी नेला, सासऱ्यांकडं तिरका डोळा टाकला आणि मोजा हळूच उशाखाली सारला.

दुपारी बाराला भगवंतराव कापी प्यायला समोरच्या हॉटेलात गेले. रोज जात, पंधरा मिनिटांत परत येत. संयोगिता पलीकडच्या खोलीत थर्मामीटर धूत होती. तेवढ्यात वॉर्डातून हसण्याचे फवारे ऐकू आले. आपल्याशिवाय इथं हसवतंय कोण, म्हणून तिनं दारातून डोकावलं.

हसवत होत्या सोयराबाई. खाटेवर बसून त्या डॉक्टर हयवदनांची नक्कल करत होत्या. मान तिरकी, भुवई वर, चष्मा नाकाच्या टोकावर, "खोका अम्मा, खोका" असा तोच अनुनासिक सूर. इतकी हुबेहूब की संयोगितालाही तोंडावर हात धरावा लागला. नक्कल करता करता त्यांना स्वतःलाच हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, एकदा, दोनदा, आतून खरवडून काढणारा, ओला. 'आणखी एक,' संयोगिता मनात म्हणाली, 'अक्का, आणखी एकच.'

आणि व्हरांड्यातून आवाज आला. "ह्हं हं."

भगवंतराव खाकरले होते. घरात शिरताना वडीलधारा पुरुष खाकरतो, तसे. मी येतोय, बायकांनी सावरून बसावं, एवढाच त्याचा अर्थ. सोयराबाईंचा पदर क्षणात डोक्यावर आला, ओठ मिटले. वर आलेला खोकला त्यांनी गिळला. डोळ्यांत पाणी आलं, मान ताठ झाली, पण गिळला.

संयोगितानं कपाळावर हात मारून घेतला. तिची आई अशीच होती की! आजोबांची खाकर ऐकू आली की आईचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं. सासऱ्यासमोर सून मोठ्यानं हसत नाही, खोकत नाही, थुंकणं तर लांबच. आणि या शहाणीनं त्या सासऱ्याला पास काढून दिला, खुर्ची दिली, वर पडदा लावला! दहा ते सहा, आठ तास, त्या बाईचं तोंड तिनं स्वतःच्या हातानं बंद करून ठेवलं होतं.

भगवंतराव हात धुवायला गेले तेव्हा ती वाकून पुटपुटली, "अक्का, त्यांना बाहेर बसवू?"

"नको ग! काय वाटेल त्यांना?" सोयराबाई घाबरल्या. "माझे वडील असते तरी इतके आले नसते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, बसनं येतो."

"मग त्यांच्यासमोर खोका."

"आणि कफ आला तर? मामंजींसमोर थुंकू?" त्यांनी असं बघितलं की जणू संयोगितानं वॉर्डात नाचायला सांगितलं होतं. "छत्तीस वर्षं झाली त्या घरात. नाही व्हायचं ग माझ्यानं."

म्हणजे ही बाई मरेल, पण खोकणार नाही. संयोगिताला राग आला, दोघांचाही आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

तिनं भगवंतरावांना व्हरांड्यात गाठलं. कुणालाही काहीही हसत हसत सांगू शकणारी बाई ती, पण या वेळी एकही चटपटीत वाक्य सुचेना. ती सरळच बोलली. "अज्जा, अक्कांच्या छातीत कफ अडकलाय. तो आज निघाला नाही तर उद्या त्यांना नळी घालतील, आणि मग काही सांगता येत नाही. त्यांनी खोकायला हवं, हसायला हवं. पण तुम्ही समोर असता तेव्हा त्या खोकत नाहीत, हसत नाहीत. रीत म्हणून."

म्हातारा "माझ्यामुळं," एवढंच म्हणाला. मग छत्री उचलली आणि फाटकाकडं चालू लागला. पाठीमागून तो कोट एकदम सैल झालेला वाटला.

चला, झालं एकदाचं, असं मनाशी म्हणत संयोगिता वॉर्डात आली आणि बघते तो सोयराबाई रडत होत्या. "मामंजी गेले? काय बोललीस तू त्यांना? रागावले ना?" चार नंबरच्या बाईनं समजूत घातली, संयोगितानं दोन किस्से सांगितले, सगळं वाया. रिकाम्या खुर्चीकडं बघून त्या हुंदके देत राहिल्या. श्वास आणखी उथळ झाला. तीन वाजता ताप बघितला, एकशे दोनच्या वर गेला होता. आपण दोन्हीकडून नासवलं, असं संयोगिताला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला मेट्रनबाईंचं म्हणणं पटायला लागलं.

साडेतीनला पडदा हलला. खाकर नाही, काही नाही, भगवंतराव थेट आत येऊन उभे. सोयराबाईंची पदर घ्यायची धांदल उडाली.

"असू दे तो पदर," ते म्हणाले आणि खुर्चीवर ताठ बसले. "सिस्टर, ते फुगवायचं काय असतं, ते आणा. दोन आणा."

संयोगितानं दोन हातमोजे आणले.

"आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी मी हात लावतो," भगवंतराव सुनेकडं न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तसं म्हणाले. "पहिला आंबा मी कापतो, मग सगळे खातात. हेही आधी मी करणार. मग सूनबाईंनी करायचं. माझा शब्द आजवर त्यांनी मोडलेला नाही."

त्यांनी टोपी नीट केली, हातमोजा तोंडाला लावला आणि फुंकर मारली. अंगठा उभा राहिला. वॉर्डातल्या बायका पडद्याच्या फटीतून बघू लागल्या. दुसरी फुंकर. आणखी दोन बोटं. म्हाताऱ्याचे गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, बंद गळ्याच्या कोटाची गुंडी सुटली. तिसऱ्या फुंकरीला पाचही बोटं तट्ट झाली. मोठ्या शाही थाटात, सगळ्यांना दाखवायला म्हणून, त्यांनी मोजा तोंडापासून दूर नेला, आणि मोज्याबरोबर त्यांची वरची कवळी बाहेर आली.

ती मांडीवर पडायच्या आत पकडायला ते झेपावले, तेव्हा मोजा हातून सुटला. आता फुगलेला हातमोजा सुटला की कसला आवाज करतो ते सांगायला नको. तसला आवाज करत तो पडद्यावरून गेला, वॉर्डाला एक फेरी मारली, चार नंबरच्या सलाइनच्या स्टँडवर आपटला आणि शेवटचा एक क्षीण आवाज काढून जमिनीवर निपचित पडला. सगळा वॉर्ड श्वास रोखून बसला होता. भगवंतराव मात्र तळहातावर आपले दात घेऊन, पोस्टात तपासणीला साहेब आल्यासारखे, ताठच्या ताठ बसून राहिले.

सोयराबाईंनी ओठ चावले. पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे थरथरले, नाकातून एक फुर्रकन आवाज आला, आणि मग बांधच फुटला. त्या हसल्या. मोठ्यानं, घसा उघडा टाकून. हसता हसता कळ आली, "आई गं" म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. संयोगितानं उशी दोन्ही हातांनी त्यांच्या टाक्यांवर दाबून धरली. खोकला आला, एकामागून एक, खोलवरून. मग त्यांचे डोळे मोठे झाले. कफ तोंडाशी आला होता आणि त्या तो परत गिळणार होत्या.

भगवंतरावांनी स्टुलावरचा ट्रे उचलला आणि त्यांच्या हनुवटीखाली धरला.

"थुंक, पोरी," ते म्हणाले.

छत्तीस वर्षांत त्यांनी तिला पोरी म्हटलं नव्हतं. सोयराबाई थुंकल्या. पुन्हा खोकल्या, पुन्हा थुंकल्या. म्हातारा ट्रे धरून उभाच होता. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात दात. संयोगिता हसत होती आणि डोळेही पुसत होती. सहा वाजेपर्यंत सोयराबाईंनी मोजा अकरा वेळा फुगवला. दर वेळी भगवंतराव मोजत होते.

ते निघाले तेव्हा संयोगितानं विचारलं, "अज्जा, खरं सांगा, कवळी मुद्दाम सोडलीत?"

"तुम्ही तुमचं काम बघा सिस्टर," असं म्हणून त्यांनी छत्री उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर हयवदनांनी एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघितला, जुन्या एक्सरेशी ताडून बघितला. "हवा जातेय," ते म्हणाले. "चांगली जातेय. यांना कुठंही न्यायचं नाही. काय केलंस?" संयोगिता म्हणाली, "काही नाही सर, व्यायाम." ताप नव्याण्णववर आला होता. सोयराबाईंनी गंजी मागून घेतली आणि बेचव आहे म्हणून तक्रारही केली, म्हणजे आता काळजीचं कारण नव्हतं.

दहा वाजता भगवंतराव आले. संयोगिता टाक्यांवरची पट्टी बदलून पडदा सरकवत होती. ते खुर्चीवर बसले, थोडा वेळ छत्रीच्या मुठीकडं बघत राहिले, मग म्हणाले, "सूनबाई, काल तू हसलीस."

"चुकलं, मामंजी."

"चुकलं नाही. मी विचारतो ते सांग. छत्तीस वर्षं तू आमच्या घरात आहेस. एवढं हसणं इतकी वर्षं होतं कुठं?"

सोयराबाईंनी संयोगिताकडं बघितलं. खरं सांगू का, असं विचारल्यासारखं. मग सांगून टाकलं. "घरातच होतं, मामंजी. तुम्ही बाहेर गेल्यावर."

"मी पोस्टात जायचो तेव्हा."

"होय."

"मी रिटायर होऊन चोवीस वर्षं झाली."

सोयराबाई चाचरत म्हणाल्या, "नंतर तुम्ही देवळात गेलात की. नाहीतर बाजाराला."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग हळूच विचारलं, "आणि ती?"

त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. सोयराबाईंचा चेहरा एकदम उजळला. "सासूबाई? अय्यो मामंजी, त्याच तर पहिल्या! तुमच्या पाठीमागं दार लावून आत यायच्या आणि सुरूच व्हायच्या. सगळ्या गल्लीची नक्कल करायच्या. मला त्यांनीच शिकवलं की. हसून हसून भिंतीला टेकायच्या."

"मी तिला हसताना कधी ऐकलं नाही," भगवंतराव म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. पन्नास वर्षांच्या संसारातली एक गोष्ट त्यांनी सांगितली, एवढंच. संयोगिताला त्यांचा राग यायला हवा होता, थोडा आलाही. सोयराबाईंना औषध द्यायची वेळ झाली होती, तरी ती हातात गोळ्या घेऊन तशीच उभी राहिली.

"कशी हसायची?" त्यांनी विचारलं. "तुला येतं ना सगळ्यांचं. करून दाखव."

सोयराबाईंनी पदर मागं सारला. उशी पोटाशी घट्ट धरली, डोळे मिटले, थोडं आठवल्यासारखं केलं. आणि हसल्या. ते त्यांचं स्वतःचं हसणं नव्हतं. ते बारीक आवाजात, लपतछपत सुरू झालं, मध्येच एक उचकी लागली, मग मांडीवर थाप पडली आणि ते मोकळं, मोठं, कुणाचीही भीड नसलेलं झालं. शेवटी खोकला आला तेव्हाच थांबलं.

भगवंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आणखी एकदा," ते म्हणाले.